खिडकीसमोर हात

सहाशे अंशांवर तापलेल्या सिलिकॉनवर
नायोबियम उतरतं, नायट्रोजनला सोबत घेऊन,
जांभळ्या उजेडात, अणूअणूनं.
मी घड्याळ लावून बसते. तीस सेकंद.
एकतिसाव्याला झडप बंद.
जास्त झालं तर फिल्म सुस्त होते,
कमी झालं तर हवा तिला कुरतडून संपवते.
पाच नॅनोमीटर.
केसाचे उभे वीस हजार काप करा, त्यातला एक घ्या,
असं मी सहलीला आलेल्या मुलांना सांगते.
मुलं आपापल्या डोक्याला हात लावून बघतात.

गोथेनबर्गला नोव्हेंबरात चारच्या आत दिवे लागतात.
आमच्या खोलीत बाराही महिने पिवळा उजेड.

पप्पा ओकेरो बेटावरचे. चाळीस वर्षं बांगडा, हेरिंग,
आणि डेकखाली ते इंजिन,
डुक्‌, डुक्‌, डुक्‌,
त्यानं त्यांचे कान हप्त्याहप्त्यानं वसूल केले.
आधी कुररी पक्षी गेले.
मग आईची हाक. मग दारावरची घंटा.
शेवटी समुद्राच्या हवामानाच्या वेळी
ते रेडिओवर तळहात ठेवून बसायचे.
'स्कागेराक,' आई ओठ मोठे करून सांगायची, 'नैऋत्य, चौदा.'
ते मान हलवायचे: कळलं मला, थरथरला.
तिला बरं वाटावं म्हणून म्हणतात,
असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

निरपेक्ष शून्याच्या वर चारच अंश.
तिथे इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात,
कुठे ठेच नाही, कुणाला धक्का नाही.
असंच सोडलं तर फिल्म तृप्त. आणि बहिरी.
म्हणून मी तिला थोडा करंट देते,
थोडा अजून,
नांगरलेल्या बोटीवर रात्री पहाऱ्याला बसलेला माणूस
जेवढा जागा असतो, तेवढी जागी होईपर्यंत.
मग रेडिओच्या पलीकडून, उजेडाच्या अलीकडून
एखादी लाट येते,
सेकंदाला दीड लाख कोटी हेलकावे,
काही जोड्या फुटतात,
पडद्यावरची रेषा हलते.
एवढंच. एवढ्यासाठी पगार मिळतो.

फेब्रुवारीत पप्पा आले. एक्याऐंशीवं लागलेलं,
बुटांना मीठ आणि बर्फ.
आमची चाचणी साधी असते: खिडकीसमोर
आधी खोलीच्या तापमानाचा काळा फोम,
मग द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला, वाफाळणारा.
गरम, थंड. गरम, थंड.
ओझगे फोम बदलत होती, मी आकडे लिहीत होते,
तेवढ्यात त्यांनी मधे हात घातला.

रेषा चढली.

ओझगे ओरडली, मग लक्षात येऊन हसली.
त्यांना ओरडणंही कळलं नाही, हसणंही.
ते पडद्याकडे बघत होते.
हात काढला, रेषा उतरली.
हात घातला.
माझ्या हाडांत काहीतरी ओळखीचं वाजायला लागलं
तेव्हा कुठे मला समजलं ते काय करताहेत:
डुक्‌, डुक्‌, डुक्‌,
सगळी बोट त्या हिरव्या रेषेवर, रिकामी, बंदराकडे.
'आमचं जरा जलद होतं,' ते म्हणाले, फार मोठ्यानं,
बहिरी माणसं बोलतात तसं.
आणि परत सुरुवात केली.

नोंदवहीत ती सात मिनिटं 'बाद' म्हणून लिहिली आहेत.
फाइल काढून टाकायची राहिली.
दर वर्षी राहते.

त्याच तुकड्यातली एक चिप आता किरुनाहून
फुग्याखाली लटकून वर जाणार आहे,
ताऱ्यांमधल्या थंड ढगांची चाहूल घ्यायला.
बेटावर गेले तेव्हा हे सगळं ओठ मोठे करून सांगितलं.
त्यांनी मासा साफ करता करता ऐकलं, म्हणजे पाहिलं.
सुरी पुसली.
'वारा किती तिथे?'

अजून कळलं नाही, मी म्हटलं.